अक्षर वर, खिट्टी खाली

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलायचं काम गाडी स्वतःच करते. चालकाच्या हाताशी उरतो तो एक दांडा आणि त्या दांड्याने सांगायच्या मोजक्या गोष्टी: उभी राहा (पी), मागे चल (आर), मोकळी हो (एन), पुढे चल (डी), आणि पुढे जाताना अमुक गिअरच्या वर चढू नकोस (एल). एवढ्या कामासाठी दांडा स्टिअरिंगपाशी असला काय आणि फ्लोअरवर असला काय, फरक तो काय पडणार, असं कोणालाही वाटेल. पण अमेरिकेत जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींमध्ये स्टिअरिंगच्या कॉलमवरचा दांडा काढून फ्लोअरवर नवा बसवायचं काम साठेक वर्षं अखंड चालू आहे. त्याचे तयार संच विकून कंपन्या उभ्या राहिल्या आणि मोठ्या झाल्या. हे काम करणारे सगळेच काही पेशाने मेकॅनिक नसतात. घरच्या गॅरेजात, सुट्टीच्या दिवशी, गाडीखाली आडवं पडून पाने फिरवणारी साधी नोकरदार माणसंही त्यात पुष्कळ असतात.

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. त्या शहराच्या उपनगरांत मोटार उद्योगात काम करणारे मराठी अभियंते बरेच आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे ऑगस्टात पाहुणे म्हणून जाणार असाल, तर हा मेळा चुकवू नका. आणि तिथे गेलात, तर बॉनेट उघडून दाखवलेल्या चकचकीत इंजिनांपाशीच थांबू नका. खिडकीतून आत डोकावा. दांडा कुठे आहे, तिथे तो कारखान्यातून आला की नंतर कोणी बसवला, आणि बसवणाऱ्याने काम मन लावून केलंय की नुसतं भोक पाडून उरकलंय, हे पाहिलं की त्या गाडीच्या मालकाबद्दल बरंच कळतं.

फ्लोअर शिफ्टर हा दिखाऊ बदल मानला जातो, आणि पुष्कळदा तो तसाच केला जातो. मला ते पटत नाही. चालक वर जे अक्षर वाचतो, तेच खाली गिअरबॉक्समध्ये खरं असलं पाहिजे. हे एक वाक्य या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. वर ‘पी’ दिसत असेल आणि खाली गिअरबॉक्स ‘पी’त नसेल, तर ती गाडी माणूस मारू शकते. हे घडलेलं आहे, आणि एकदा-दोनदा नव्हे.

दांडा मुळात फ्लोअरवरच होता. १९३८ साली कॅडिलॅकने तो उचलून स्टिअरिंगच्या कॉलमवर नेला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक अमेरिकन कंपन्यांनी तेच केलं. कारण सोपं होतं. फ्लोअर मोकळा झाला की पुढच्या सलग सीटवर तिघं बसू शकतात. मुंबईकर वाचकाला हा दांडा वेगळा समजावून सांगायला नको. काळ्या-पिवळ्या पद्मिनीत गिअर स्टिअरिंगपाशीच पडायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली. तोवर हा दांडा मुंबईच्या रोजच्या पाहण्यातला होता. पद्मिनीचा गिअरबॉक्स मात्र मॅन्युअल होता. क्लच दाबून प्रत्येक गिअर चालकालाच टाकावा लागे.

अमेरिकेत कॉलमवरचा दांडा रुळतो न रुळतो तोच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. जनरल मोटर्सने १९४०च्या ओल्ड्समोबिल मॉडेलांत ‘हायड्रा-मॅटिक’ दिला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन सैन्याच्या हलक्या रणगाड्यांतही बसला. त्याच्यावर ‘पी’ हे अक्षरच नव्हतं. गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून दांडा रिव्हर्समध्ये टाकायचा, की आतली खिट्टी पडायची. १९५० साली शेव्हरलेचा दोन गिअरचा ‘पॉवरग्लाइड’ आला, त्याला ‘पी’ होता, पण अक्षरांचा क्रम होता पी-एन-डी-एल-आर. म्हणजे पुढे जाण्याच्या ‘लो’ला लागून थेट रिव्हर्स. चिखलात किंवा बर्फात रुतलेली गाडी पुढे-मागे हलवून बाहेर काढायला तो क्रम सोयीचा होता. पण वेगळ्या क्रमाच्या गाडीची सवय असलेला माणूस या गाडीत बसला, की घात ठरलेला. उतारावर ‘लो’ टाकायला जावं आणि हात एक घर पुढे जावा, एवढं पुरे.

क्रायस्लरने १९५६ ते १९६४ या काळात दांडाच काढून टाकला आणि डॅशबोर्डवर बटणं दिली. फोर्डच्या एडसेलने १९५८ साली ती बटणं स्टिअरिंगच्या मधोमध नेली, जिथे लोकांचा हात हॉर्नसाठी जातो. एका देशात, एकाच रस्त्यावर, प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. राल्फ नेडर यांनी १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिलं, त्यात या गोंधळावरही कठोर टीका होती. पुढे केंद्रीय सुरक्षा मानक आलं आणि १ जानेवारी १९६८ पासून लागू झालं. पुढे जाण्याच्या आणि मागे जाण्याच्या जागांमध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे. ‘पी’ असेल तर तो टोकाला आणि रिव्हर्सच्या शेजारी. गाडी पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरता कामा नये. आज जगभरच्या गाड्यांवर दिसणारा पी-आर-एन-डी हा क्रम असा, चुकांची किंमत मोजून ठरलेला आहे. जुन्या गाडीत आपण नवा दांडा बसवतो तेव्हा हे नियम आपल्यालाच पाळायचे असतात. तिथे तपासायला दुसरं कोणी येत नाही.

फ्लोअरवर परत यायची ओढ साठच्या दशकातली. कॉर्व्हेअर मोंझाने वेगवेगळ्या दोन सीट लोकप्रिय केल्या, शेव्हरलेच्या इंपाला एसएसमध्ये त्या दोन सीटच्या मध्ये कन्सोल आणि दांडा आला, आणि एप्रिल १९६४मध्ये आलेल्या मस्टँगने तर दांडा सरसकट फ्लोअरवरच ठेवला, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असला तरी. तरुण गिऱ्हाइकाला शर्यतीच्या गाडीसारखी बसण्याची जागा हवी होती. ज्यांच्या गाडीत सलग सीट आणि कॉलमवर दांडा होता, त्यांच्यासाठी बाजारात संच आले. बी अँड एम ही कंपनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शर्यतीलायक करण्याच्या कामातून वाढली. जॉर्ज हर्स्ट यांच्या कंपनीचं नाव तर दांड्याशी कायमचं जोडलं गेलं. याच हर्स्ट यांच्या नावाने ओळखलं जाणारं दुसरं साधन म्हणजे अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा फाकवून माणसाला बाहेर काढणारं हायड्रॉलिक यंत्र. एकाच माणसाच्या कारखान्याने वेगाची हौसही भागवली आणि त्या हौसेत अडकलेल्यांची सुटकाही केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हर्स्टचा ‘ड्युअल गेट’ शिफ्टर १९६७च्या पाँटिअॅक जीटीओत कारखान्यातूनच मिळू लागला. त्यात दांड्याला दोन गल्ल्या होत्या. एकीत नेहमीसारखं ‘डी’त टाकून निवांत चालवायचं. दुसरीत प्रत्येक गिअर हाताने, एकेक खटका करत चढवायचा, आणि कितीही जोरात ढकललं तरी दांडा एक घर सोडून पुढे जात नसे. जाहिरातीत या गल्ल्यांना ‘त्याची’ आणि ‘तिची’ अशी नावं होती. ती आज खटकतात आणि खटकायलाच हवीत. पण यंत्र म्हणून त्यात विचार होता. घाईत असलेल्या हाताकडून चूक होणार हे मान्य करून ती चूक दांड्यातच अडवलेली होती.

आता दांडा नेमकं हलवतो काय, ते पाहू. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूने एक छोटा शाफ्ट बाहेर येतो आणि त्यावर बोटभर लांबीचा आर्म असतो. कॉलमवरून आलेली सळई किंवा फ्लोअरवरून आलेली केबल याच आर्मला ओढते-ढकलते. आत त्या शाफ्टवर एक जाड पत्र्याची पट्टी असते, कडेला खाचा असलेली. कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दिसते ती. स्प्रिंगच्या टोकावरचा छोटा रोलर तिच्या खाचेत बसतो, तेव्हा हाताला ‘खट्’ असं जाणवतं. हीच गिअरबॉक्सची स्वतःची जागा. त्याच पट्टीला जोडलेला व्हॉल्व्ह सरकतो आणि ऑइलच्या दाबाला वाट करून देतो: या क्लचकडे जा, त्या बँडकडे जा. आणि पट्टी टोकाच्या खाचेत गेली की एक सळई पार्किंगच्या खिट्टीला ढकलते. ती खिट्टी मागच्या शाफ्टवरच्या दातेरी चाकात जाऊन बसते. गाडी उभी राहते ती या खिट्टीवर. ऑइलचा दाब तिथे काही करत नाही. इंजिन बंद झाल्यावर दाब उरतच नाही.

यातून पहिला नियम निघतो. खाचा गिअरबॉक्सच्या आहेत, दांड्याच्या नाहीत. फ्लोअरवरच्या नव्या शिफ्टरलाही स्वतःच्या खाचा असतात, आणि त्या दोन्ही जुळल्या तरच काम झालं. दांडा ‘डी’च्या खाचेत पक्का बसला आणि आतला रोलर मात्र खाचेच्या उतारावर लटकला, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. दाब पुरेसा पोचत नाही, क्लचच्या प्लेटा घट्ट धरत नाहीत, थोड्या घसरत राहतात. गाडी चालते, आणि हाच धोका. चालकाला काही कळत नाही. काही दिवसांनी ऑइल काळपट होतं, त्याला जळका वास येतो, आणि चांगला गिअरबॉक्स उघडावा लागतो. दोष गिअरबॉक्सला दिला जातो. चूक आर्मवरच्या एका नटाची असते.

उदाहरणाला एक गाडी घेऊ: १९६५ची शेव्हरले इंपाला. हिंदी सिनेमाने श्रीमंतीची खूण म्हणून आपल्याला दाखवलेली तीच इंपाला. त्या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांहून अधिक विकली गेली, त्यामुळे आजही ती बरीच दिसते. साध्या मॉडेलात सलग सीट, कॉलमवर दांडा आणि दोन गिअरचा पॉवरग्लाइड. अक्षरं पाच: पी, आर, एन, डी, एल. शिफ्टर विकत घेण्याआधी ही अक्षरं मोजायची. पुष्कळ मालक पॉवरग्लाइड काढून तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० बसवतात, त्याला सहा जागा लागतात. चार गिअरच्या ७००आर४ला सात. सहा जागांच्या गिअरबॉक्सवर पाच जागांचा शिफ्टर बसवला, तर एक जागा कायमची हाताबाहेर जाते आणि बाकीच्यांचा मेळही बिघडतो.

नवा भाग लावण्याआधी इंजिनाचे माउंट तपासायचे. रबराच्या या बैठका जुन्या झाल्या की फाटतात आणि जोर दिल्यावर इंजिन एका बाजूने उचलतं. याच गाड्यांबाबत १९७१च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख वाहनं दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली होती, त्यात १९६५ ते १९६९च्या शेव्हरले होत्या. माउंट तुटून इंजिन उचललं की अॅक्सिलरेटर ओढला जाण्याची भीती होती. शिफ्टरच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. गिअरबॉक्स इंजिनाबरोबर डोलतो, फ्लोअर डोलत नाही. फ्लोअरवरचा दांडा ताठ सळईने गिअरबॉक्सला जोडला, तर प्रत्येक डोलण्याबरोबर आर्मही हलतो. म्हणून बहुतेक संचांत लवचिक केबल असते. दुसरा मार्ग म्हणजे दांडा थेट गिअरबॉक्सच्या मागच्या हाउसिंगवर बोल्टने बसवायचा आणि आखूड सळईने आर्मला जोडायचा. मग दोघं एकत्रच डोलतात. या दुसऱ्या पद्धतीत दांडा कुठे येणार हे गिअरबॉक्स ठरवतो, आपण नाही. सलग सीटच्या गाडीत तो कधी कधी सीटच्या काठावर येऊन आदळतो. जागा जुळत असेल तर मला ही पद्धत जास्त आवडते, कारण तिच्यात बिघडण्याजोगं कमी असतं.

जागा ठरवण्यात घाई करू नये. सीट जागेवर ठेवूनच मोजमाप घ्यायचं. दांडा हातात धरून पाचही जागांतून फिरवून पाहायचा: ‘पी’त असताना डॅशबोर्डला किंवा रेडिओला लागतो का, ‘एल’मध्ये सीटला घासतो का, स्टिअरिंगवरून हात खाली आणला की मूठ आपोआप सापडते का. गाडी घरात अजून कोणी चालवत असेल तर त्यांनाही बसवून पाहावं. मग कार्पेट उचलून मधल्या उंचवट्यावर खूण करायची आणि गाडीखाली जाऊन त्याच जागेच्या खाली काय आहे ते पाहायचं. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरिंग, सायलेन्सरचा पाइप, गिअरबॉक्सचा माथा. ड्रिल चालवण्याआधीचं हे पाहणं ज्याने टाळलं, त्याने पुढचं सगळं नशिबावर सोडलं. भोक लहान पाडून हळूहळू कानशीने वाढवावं. कापलेल्या कडेला लगेच गंजरोधक रंग, केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि शिफ्टरच्या तळाभोवती सील. त्या भोकातून पाणी आणि उष्णता तर येतेच, सायलेन्सर गळत असेल तर विषारी धूरही येतो.

केबलला मोठं, सैल वळण हवं. आवळून वाकवलेली केबल आत घासते, जड होते आणि खाचेचा ‘खट्’ हातापर्यंत पोचू देत नाही. सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेली तर तिचं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं. केबलचं बाहेरचं कवच धरणारा ब्रॅकेट गिअरबॉक्सलाच घट्ट बसलेला असावा. तो पातळ पत्र्याचा असेल तर जोर लागला की आर्मऐवजी तोच वाकतो, आणि वर अक्षर बदलतं पण खाली काही हलत नाही.

मग येते या कामातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि बहुतेक चुका इथेच होतात. केबल आर्मला जोडण्याआधी गाडीखाली जाऊन आर्म हाताने फिरवायचा आणि सगळ्या खाचा बोटांनी मोजायच्या. टोकाच्या ‘पी’च्या खाचेत तो ठेवायचा. वर दांडाही ‘पी’त ठेवायचा. आता केबलच्या टोकाचा स्विव्हल फिरवून असा जुळवायचा की पिन आर्मच्या भोकात आपसूक शिरेल. ओढून नाही, ढकलून नाही. पिन घालायला किंचितही जोर लागला, तर केबल आर्मला कायम एका बाजूला खेचत राहणार आणि रोलर खाचेच्या तळाशी कधीच बसणार नाही. ‘पी’त जुळलं म्हणून थांबायचं नाही. दुसऱ्या टोकाला ‘एल’मध्ये जाऊन पिन काढून पाहायची, तिथेही ती सहज निघाली आणि सहज बसली पाहिजे. एका टोकाला जुळतं आणि दुसऱ्या टोकाला जुळत नाही, याचा अर्थ आर्मची लांबी शिफ्टरशी जुळत नाही. त्यावर उपाय आर्म बदलणं हाच. ‘मधे कुठेतरी भागवून घेऊ’ असं म्हणून सोडलेलं काम मी चांगलं मानत नाही, मग वरचा दांडा कितीही देखणा असो.

‘पी’ इतका का जपायचा, याचं उत्तर अमेरिकेच्या सरकारी दप्तरात आहे. सत्तरच्या दशकात फोर्डच्या गाड्यांबद्दल तक्रारी येत राहिल्या: गाडी ‘पी’त टाकून चालक उतरला, इंजिन चालू होतं, आणि गाडी आपोआप रिव्हर्समध्ये गेली. दांडा ‘पी’च्या आणि ‘आर’च्या मधल्या उंचवट्यावर थांबत होता. चालकाला वाटे पार्क झालं, खिट्टी मात्र बसलेली नसे; थोडासा धक्का लागला की रोलर रिव्हर्सच्या खाचेत घसरे. त्यात माणसं मेली. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी केली आणि १९८०च्या अखेरीस तडजोड झाली. गाड्या परत बोलावल्या नाहीत. सुमारे २ कोटी ३० लाख वाहनांच्या मालकांना डॅशबोर्डवर लावायला इशाऱ्याचं एक स्टिकर पाठवण्यात आलं. यंत्रातल्या दोषावर कागद चिकटवून भागवलेली ही तडजोड मला आजही अन्यायाची वाटते.

हा प्रश्न जुन्या गाड्यांपुरताही राहिलेला नाही. क्रायस्लरच्या नव्या गाड्यांत असा इलेक्ट्रॉनिक दांडा आला की गिअर निवडल्यावर तो परत मधोमध येऊन उभा राहायचा; गाडी कशात आहे हे दांड्याच्या जागेवरून हाताला कळेना. एप्रिल २०१६मध्ये जगभरातल्या ११ लाख गाड्या परत बोलावल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तरुण अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्या घराच्या उतारावर, अशाच दांड्याच्या स्वतःच्या जीपने चिरडला जाऊन मरण पावला. हाताला कळणारी खाच ही किती मोठी गोष्ट आहे, हे साठ वर्षांपूर्वीच्या लोखंडी दांड्याकडून शिकता येतं.

विजेचं काम त्यामानाने छोटं, पण टाळण्यासारखं मुळीच नाही. या काळातल्या शेव्हरलेत ‘पी’ आणि ‘एन’शिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच कॉलमवर असतो. कॉलमचा दांडा निकामी केला की तो स्विच एका जागी गोठतो. घाईत असलेले लोक त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून मोकळे होतात, आणि मग गाडी ‘डी’मध्ये असतानाही चालू होते, समोर कोणी उभं असलं तरी. हे कोणीही करू नये. चांगल्या शिफ्टरच्या तळाशी छोटा स्विच येतो. कॉलमवरच्या वायरी लांबवून त्याला जोडायच्या. रिव्हर्सच्या दिव्याचंही तसंच. फोर्डच्या सी४ गिअरबॉक्सवर हा स्विच थेट गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये तो गिअरबॉक्सच्या कवचात घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे तिथे दांडा हलवला तरी स्विच आपल्या जागी खरं बोलत राहतो. ही रचना मला अधिक शहाणपणाची वाटते: दांड्याला विचारण्यापेक्षा गिअरबॉक्सलाच विचारलेलं बरं.

१९६९पासूनच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत आणखी एक गाठ आहे. त्या वर्षी किल्ली डॅशबोर्डवरून कॉलमवर आली आणि स्टिअरिंगला कुलूप लागू लागलं. किल्ली काढण्यासाठी कॉलमवरची गिअरची नळी ‘पी’त फिरलेली असावी लागते. कारखान्यातून फ्लोअर शिफ्टर घेऊन आलेल्या गाड्यांतही म्हणूनच गिअरबॉक्सपासून कॉलमपर्यंत एक वेगळी सळई दिलेली असते. कॉलमचा दांडा काढून ती नळी मोकळी सोडली, तर ती आपोआप सरकते, किल्ली अडकते, आणि कुलपाची यंत्रणा बेभरवशाची होते. चालत्या गाडीत स्टिअरिंगच्या कुलपाशी असा खेळ कोणी मांडू नये. तिथे मूळ सळईची रचना बसवायची, किंवा फ्लोअर शिफ्टच्या गाडीचा कॉलमच मिळवायचा.

चाचणी घरातच, गाडी पक्क्या स्टँडवर ठेवून, मागची चाकं अधांतरी करून सुरू होते. इंजिन बंद. ‘पी’त टाकून प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा, तो थोडा हलून खिट्टीवर अडकला पाहिजे. चाक फिरवून फसू नका: साध्या डिफरेन्शियलच्या गाडीत एक चाक फिरवलं की दुसरं उलट फिरतं आणि शाफ्ट जागचा हलतही नाही. ‘एन’मध्ये शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे. मग गाडी खाली घेऊन, पाय ब्रेकवर घट्ट ठेवून, प्रत्येक अक्षरावर किल्ली फिरवायची. ‘पी’ आणि ‘एन’ सोडून कुठेही स्टार्टर फिरला तर गाडी बाहेर काढायची नाही. त्यानंतर सौम्य उतार, समोर मोकळं मैदान, आणि पार्किंग ब्रेक तयार.

हे सगळं लिहून झाल्यावर एक प्रश्न उरतोच: मुळात हे करावं का? कारखान्यातून निघाली तशीच, सगळे भाग मूळचे असलेली गाडी हाती आली असेल, तर माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. कॉलमवरचा दांडा हाही त्या काळाचा पुरावा आहे. सलग सीटवर पुढे तिघं बसून जाणारं कुटुंब त्या दांड्यामुळेच शक्य झालं. पण बहुतेक गाड्या तशा नसतात. इंजिन बदललेलं, गिअरबॉक्स बदललेला, सीट कुठल्या तरी दुसऱ्या गाडीच्या. अशा गाडीला फ्लोअरवर दांडा हवा असेल तर तो जरूर बसवावा, फक्त परतीची वाट शाबूत ठेवून. भोक जितकं लहान तितकं चांगलं. कन्सोलचे बोल्ट शक्य तिथे आधीच्या भोकांतून घ्यावेत. कॉलमचा दांडा, त्याची पिन, सळया, बुश, सगळं एका खोक्यात.

महाराष्ट्रात जुनी अमेरिकन गाडी जपणाऱ्यांनी कायदाही पाहावा. मुंबईला शिवडीत १९२८पासून जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता, पुढे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज, प्लिमथ, डीसोटो जोडल्या, म्हणून अशा गाड्या आपल्याकडे अजून आहेत. बहुतेक मॅन्युअल, तुरळक ऑटोमॅटिक. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. फ्लोअरचा पत्रा कापणं म्हणजे बॉडीला हात लावणं. नोंदणी करायची असेल तर कटर हातात घेण्याआधी आरटीओत विचारावं.

बसवल्यानंतर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा वर घ्यावी. नवी केबल बसते, ब्रॅकेटचे बोल्ट सैल होतात, पिनची क्लिप निसटते. पुन्हा ‘पी’त आणि ‘एल’मध्ये पिन काढून पाहायची. आणि एका कागदावर स्विचच्या कोणत्या रंगाच्या वायरी कुठे जोडल्या, गिअरबॉक्स कोणता, केबल कोणत्या संचाची, हे लिहून तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा. गाडी आणखी तीस वर्षं चालेल, तेव्हा तिच्याखाली कोणी वेगळाच माणूस आडवा पडलेला असेल, आणि त्याला आर्मवर कोणती खाच ‘पी’ची हे पहिल्यापासून शोधत बसायची वेळ येऊ नये.